कोपऱ्यातली तारीख

ज्या दिवशी धारूरच्या बाजारपेठेत रविराजचं रक्त सांडलं, त्या दिवशी सकाळी त्याच्या मामानं, बद्रीनाथनं, नेहमीप्रमाणं कॉम्प्युटरची तारीख दुरुस्त केली होती.

ही त्याची रोजची पूजाच म्हणायची. आंघोळ झाली, कपाळाला गंध लागलं, की तो पुढच्या खोलीत येऊन आपलं जुनं मशीन सुरू करायचा. मशीन इतकं म्हातारं, की आतल्या घड्याळाचा सेल कधीच मेलेला. नवा सेल बसवून पाहिला, पण मशीननं तो मानला नाही. रोज बंद करून चालू केलं की ते आपलं दोन हजार दोन सालात जाऊन बसायचं, आणि बद्रीनाथ रोज त्याला बोट धरून आजच्या तारखेवर आणून सोडायचा. त्याची बायको वनमाला शेजारणीला सांगायची, "देवाला फूल वाहायचं राहील, पर आमचं ह्ये त्या डबड्याला तारीख घालायचं इसरणार न्हाईत."

एके काळी हा माणूस गावात केबलवाला बद्री म्हणून माहीत होता. वीसेक वर्षांमागं घरोघरी केबलची वायर होती आणि तिच्यावर रोज संध्याकाळी बद्रीच्या बातम्या यायच्या. कॅमेरा त्याचा, आवाज त्याचा, निवडही त्याचीच. पाण्यासाठी निघालेला हंडामोर्चा, किल्ल्याच्या खंदकात पडलेली म्हैस, पुढाऱ्याचा वाढदिवस, सगळं एका तराजूत. लोक ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचे आणि आपला शेजारी दिसला की अंगणात येऊन ओरडायचे. कॅमेऱ्यात तारीख उमटवायची सोय होती, ती मात्र बद्रीनाथनं पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. तारीख दिसली की बातमी शिळी होते. तारीख नसली की सोमवारचं उद्घाटन गुरुवारपर्यंत ताजं म्हणून खपवता येतं. सगळ्याच केबलवाल्यांचं हे शहाणपण होतं, आणि त्याला स्वतःला ते फार मोठं वाटायचं.

पुढं घरोघरी डिश आली, मग मोबाइल आला, आणि केबलच्या वायरीवर बायकांनी कपडे वाळत घातले. बद्रीनाथ फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करून देऊ लागला, त्याही त्याच मशीनवर. मॉनिटरही तसलाच, पोट सुटलेला, वीस किलोचा. त्याचा उजवीकडचा खालचा कोपरा काळा पडला होता. त्या कोपऱ्यात काय आहे ते दिसायचं नाही, पण बद्रीनाथला त्याची इतकी सवय झाली होती की दिसत नाही हेच तो विसरून गेला होता.

त्याच्यासारखे खुळे जिल्ह्यात बरेच निघाले. गिरणीवाला उत्तरेश्वर हा त्यातला पहिला. याच्या गिरणीच्या माळ्यावर सात बंद कॉम्प्युटर पिठाखाली झोपलेले. दोघांची मैत्री एका जळालेल्या मदरबोर्डवरून झाली आणि दोघांनी मिळून व्हॉट्सॲपवर 'जुनी मशीन मंडळ' काढलं. केज, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, पार पाटोद्यापर्यंतची माणसं आली. कुणाला फ्लॉपी पाहिजे, कुणाला गोल पिनचा कीबोर्ड. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पार्ट इकडून तिकडं जायचे आणि पार्ट पोचला की तिकडून फोटो यायचा, नातू झाल्यासारखा.

पण चार माणसं जमली आणि राजकारण निघालं नाही, असं बीड जिल्ह्यात आजवर घडलेलं नाही. आधी सकाळचे नमस्कार आले, त्यांच्यामागून पुढाऱ्यांचे फोटो आले, मग टीव्हीवरच्या चर्चांचे तुकडे. मुंबईतला निवेदक कोट घालून ओरडायचा आणि भांडण धारूर-केजात लागायचं. तेव्हा बद्रीनाथनं एक नियम काढला. राजकारण टाकणाऱ्यानं दंड म्हणून लगेच एका जुन्या पार्टचा फोटो टाकायचा. नियम सगळ्यांना आवडला. झालं इतकंच, की लोक आधी एकमेकाची आई-बहीण काढायचे आणि खाली सीडी ड्राइव्हचा फोटो टाकून मोकळे व्हायचे. 'तुझं तंगडं मोडून हातात देतो', खाली फ्लॉपी. 'समोर ये बे, गिरणीत घालून दळतो', खाली प्रिंटर. दंड भरला की पाप फिटलं. बद्रीनाथ हे सगळं वाचायचा आणि हसायचा. ग्रुप जिवंत आहे, याचाच त्याला आनंद.

नगरपालिकेची निवडणूक लागली आणि हसायचे दिवस संपले.

एका बाजूला अमरसिंह उभा होता. त्याचे वडील सुंदरराव, गावाचे आबा, मोठे जमीनदार आणि एके काळचे गावाचे धनी, चार वर्षांमागं वारलेले. अमरसिंहाच्या फोनवरचा सगळा प्रचार रविराज बघायचा. रविराज म्हणजे बद्रीनाथच्या बहिणीचा, योगिताचा, एकुलता एक मुलगा. त्याचा बाप लवकर गेला, आणि पोरगं वाढलं ते मामाच्या पुढच्या खोलीत. कीबोर्डवरचा पहिला 'र' त्यानं मामाच्या मांडीवर बसून दाबला होता. आता सव्वीस वर्षांचा झाला होता, दाढी कोरून घ्यायचा, आणि बाजारपेठेतल्या अमरसिंहाच्या संपर्क कार्यालयात एसीत बसून दिवसभर लोकांशी फोनवर भांडायचा. बद्रीनाथचा त्याच्यावर फार जीव होता. म्हणूनच त्याचे शब्द त्याला इतरांच्या शब्दांपेक्षा जास्त लागायचे.

उत्तरेश्वर विरोधी गटाचा. त्या आठवड्यात रविराजनं ग्रुपवर आबांचा हार घातलेला फोटो टाकला आणि लिहिलं, 'आयुष्यात ज्यांनी कुणावर हात उचलला नाही असा देवमाणूस.' खाली नियमाप्रमाणं माऊसचा फोटो.

उत्तरेश्वरनं आवाज रेकॉर्ड करून उत्तर धाडलं. "हात न्हाई उचलला, पाय उचलला हुता. सिदूला इचार. नायतर तुज्या मामाला इचार, क्यासेट हाय त्याच्याकडं."

रविराजचं उत्तर आलं, "मामाकडं भंगार हाय, भंगार. क्यासेट आसती तर वीस वरीस दाबून ठिवली आसती व्हय? आन खरंच दाबली आसंल तर मग मामा भेकड हायत. दोनातलं एक धरा. खोटारडे का भेकड?"

ग्रुप हसला. केजचा हसला, परळीचा हसला, ज्याला बद्रीनाथनं स्वतःच्या मशीनमधली रॅम काढून पाठवली होती तो माजलगावचाही हसला.

कॅसेट होती. आणि दाबून ठेवली होती, हेही खरं.

वीस वर्षांमागचा तो बाजाराचा दिवस होता. मेंढपाळ सिदू तेव्हा तरणा, डोक्याला लाल पटका, मेंढरं घेऊन घाटाकडं निघालेला. मेंढरं रस्त्यात पसरली आणि मागून आबांची जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मेंढरांना हॉर्न कळतो थोडाच! सिदू म्हणाला, "दम धरा की, मुकी जनावरं हायती." एवढंच बोलला. जीपमधून चौघं उतरले आणि त्यांनी त्याला पट्ट्यानं, लाथांनी, गाडीच्या लोखंडी टॉमीनं मारलं. टॉमीचा एक घाव गुडघ्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज कॅमेऱ्यातसुद्धा आला. सगळ्यात शेवटी आबा उतरले, धोतराचा सोगा वर धरला, आणि खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर एक लाथ घालून परत जीपमध्ये जाऊन बसले. बद्रीनाथ गिरणीच्या ओट्यावरून हे सगळं टिपत होता. संध्याकाळी आबांचा माणूस घरी आला. केबलची वायर कापायला किती वेळ लागतो, एवढंच त्यानं विचारलं. कॅसेट पत्र्याच्या पेटीत गेली. सिदूचं प्रकरण वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं. त्याचा पाय मात्र वाकडा तो वाकडाच राहिला.

रविराजच्या त्या दोन शब्दांनी बद्रीनाथची झोप उडाली. सकाळी त्यानं तारीख लावली, पेटी उघडली आणि कॅमेऱ्याची वायर मशीनला जोडली.

वनमाला दारात उभी राहिली. "आवो, कावून उकरताव? मेलेल्या माणसाचं काय वाकडं करायचंय?"

"मला भेकड म्हनला त्यो. आख्ख्या ग्रुपसमोर."

"भाचाच हाय ना? इथं बोलावून दोन ठिवून द्या. त्याला क्यासेट कशाला पायजे?"

शहाणी बाई होती. पण बोलणं ग्रुपवर झालं होतं, तर उत्तरही ग्रुपवरच द्यायला हवं, असं बद्रीनाथच्या डोक्यानं घेतलं होतं, आणि एकदा घेतलं की ते डोकं सोडत नसे. मशीन घरघरत क्लिप आत ओढत होतं. हे काम करणारा प्रोग्रामही मशीनएवढाच जुना. त्याला एक सवय होती. चित्र आत घेतलं की त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तो पांढऱ्या अक्षरांत तारीख छापायचा. कॅसेट कधीची आहे हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. मशीन सांगेल ती तारीख तो छापायचा. आणि मशीनला आजची तारीख तासाभरापूर्वी बद्रीनाथनंच सांगितली होती. पडद्यावर ती अक्षरं नेमकी त्या काळ्या पडलेल्या कोपऱ्यात उमटत राहिली.

क्लिप पेनड्राइव्हवर आली, तिथून फोनमध्ये, तिथून ग्रुपवर. वर बद्रीनाथनं वेगळा मेसेज लिहिला, 'वीस वर्षांपूर्वीचा पुरावा. बघा, कोण भेकड ते.' खाली नियमाप्रमाणं त्याच कॅमेऱ्याचा फोटो टाकला. मग फोन चार्जिंगला लावून तो समाधानानं जेवायला बसला.

त्याचा मेसेज ग्रुपमध्येच राहिला आणि क्लिप तेवढी बाहेर निघाली, तीही स्टेटसला बसेल एवढीच, आबा जीपमधून उतरायच्या आधी तुटलेली. ती गावात गेली, वाड्या-वस्त्यांवर गेली, आणि एका यूट्यूबवाल्याच्या हाती लागली. हा आपल्या चॅनलला 'धडाका' म्हणायचा. त्यानं क्लिपला भोंगा जोडला, लाल पट्टी जोडली आणि ओरडला, "धारूरमध्ये भरदिवसा मेंढपाळ तरुणाला अमानुष मारहाण! तरुण बेपत्ता! अमरसिंहांच्या माणसांनीच मारल्याचा आरोप!" आरोप कुणी केला? त्यानंच. बेपत्ता कुणी ठरवलं? त्यानंच. कोपऱ्यातल्या तारखेभोवती मात्र त्यानं न विसरता लाल गोल काढला होता.

सिदूचा मुलगा भागवत आता अठरा वर्षांचा. बापाचं नाक, बापाचे खांदे, आणि डोक्याला बापाचाच लाल पटका. बाप-लेक दोघंही सकाळपासून मेंढरं घेऊन घाटात गेलेले, आणि घाटात फोन लागत नाही. वस्तीवर भामाबाईला, सिदूच्या बायकोला, कुणीतरी फोन दाखवला. ती लग्न होऊन आली तेव्हा सिदू लंगडाच होता, मार खाताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिला पडद्यावर आपला पोरगा दिसला. कुणी टॉमी उगारतोय, पोरगा हात वर करतोय, मग तो हाडाचा आवाज. तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून तिचे भाऊ, पुतणे, शेजारी, सगळी वस्ती हातात मिळेल ते घेऊन अमरसिंहाच्या कार्यालयाकडं निघाली. काठ्या, कुऱ्हाडी, ट्रॅक्टरचा रॉड. वाटेत दुसऱ्या गटाची पोरंही सामील झाली. त्यांना भागवत कोण हेसुद्धा माहीत नव्हतं.

रात्रभर जागलेला बद्रीनाथ जेवून आडवा झाला होता. उठून त्यानं फोन बघितला तेव्हा त्यावर वीस फोन येऊन गेले होते. पुन्हा वाजला, तो उत्तरेश्वरचा होता.

"बद्या, आरं काय केलंस बे? त्याच्यावर आजची तारीख हाय! सिदूच्या पोराला मारलं म्हनून वस्ती अमरसिंहाच्या कार्यालयाकडं निघालीय!"

"कुठं?"

"कोपऱ्यात, आंधळ्या, कोपऱ्यात!"

बद्रीनाथनं फोनवर क्लिप उघडली. कोपऱ्यात आजची तारीख होती, स्वच्छ, पांढरी, त्यानंच सकाळी हातानं घातलेली. त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'ही जुनी आहे, माझ्या हातून चूक झाली.' लगेच उत्तरं आली. 'आता अमरसिंहाचा फोन आला वाटतं.' 'भाच्यासाठी पलटला.' 'तारीख काय खोटं बोलते का बे?' एकानं तर ह्या वाक्याखाली हार्ड डिस्कचा फोटो टाकला.

त्यानं रविराजला फोन लावला. "रव्या, कार्यालयाला कुलूप घाल आन नीघ. मागच्या बोळानं नीघ. लोकं येऊलालेत."

"मामा, आता कावून घाबरलाव? तुमीच पेटवलं ना?"

"मी चुकलो. पाया पडतो तुज्या, नीघ."

"यिऊ द्या की. मी लाइव्ह करतोय. कोन येतंय ते जग बघंल."

ठाण्यात फोन केला तर सगळी माणसं दुसऱ्या गावी सभेच्या बंदोबस्तात, पाठवतो म्हणाले. आता या गावात एकच माणूस असा होता, की ज्याच्या शब्दापुढं ती तारीख टिकली नसती, आणि तो, सिदू, रोजच्यासारखा मेंढरं घेऊन घाटात होता. बद्रीनाथनं स्कूटरला लाथ घातली आणि बाजाराकडं पाठ करून तो घाटाकडं सुटला. भाचा बाजारात, आणि आपण उलट दिशेला. पण एकट्यानं जाऊन तो काय करणार होता? त्याच्या शब्दाची किंमत ग्रुपवर आत्ताच कळली होती.

दुसऱ्या वळणाखाली मेंढरं दिसली. सिदू बाभळीखाली भाकरी खात होता आणि भागवत कळपाच्या पुढं होता. बद्रीनाथनं धापा टाकत जमेल तसं सांगितलं. सिदूनं सगळं ऐकून घेतलं. हातातला घास फडक्यात ठेवला, फडक्याला गाठ मारली आणि काठीवर जोर देऊन उठला.

"क्यासेट तुमच्याकडं हुती?" एवढंच त्यानं विचारलं.

"व्हय."

सिदूनं मेंढरं शेजारच्या गुराख्याच्या हवाली केली आणि तिघं एका स्कूटरवर बसले.

ते पोचले तेव्हा संपर्क कार्यालयाच्या काचा रस्त्यावर पडल्या होत्या. एसी दगडांनी फोडला होता. अमरसिंहाचा फ्लेक्स पेटला होता, तो बद्रीनाथनंच डिझाइन केलेला. कार्यालयातली बाकीची माणसं मागच्या बोळानं पळाली होती. रविराज लाइव्ह करत पुढच्या दारात उभा राहिला आणि तिथंच सापडला.

त्याला रस्त्याच्या मधोमध ओढून आणलं होतं. दहा-बारा जण मारत होते. काठी मांडीवर, काठी बरगडीवर. एकानं त्याचे केस धरून त्याचं तोंड दुचाकीच्या स्टँडवर आपटलं, पुन्हा आपटलं. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त दिसत होतं. कोरलेली दाढी लाल झाली होती आणि त्यातून शब्द येत नव्हते, बुडबुडे येत होते. "पोरगं कुठं टाकलंस आमचं? बोल!" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा मारायचे. भामाबाई पदर खोचून मधे उभी, हातातल्या चपलेनं त्याला मारत होती, रडत होती, पुन्हा मारत होती.

आणि मारणाऱ्यांच्या भोवती गाव उभं होतं. किराणावाला होता, औषधवाला होता, रविराजच्या शाळेतले सोबती होते. सगळ्यांचे हात वर आणि सगळ्यांच्या हातात फोन. मागचा पुढच्याला म्हणत होता, "जरा सरक ना, दिसंना."

"सोडा रे! जुनी हाय ती, जुनी हाय!" बद्रीनाथ ओरडला. त्याला कुणीतरी कोपर मारलं आणि त्याचा चष्मा पडला, पायाखाली गेला. तो गर्दीच्या पायांतून आत घुसू लागला, पण पन्नाशीच्या माणसाला ते कुठलं जमायला!

जमलं ते सिदूला. लंगडा पाय ओढत, खांद्यानं माणसं बाजूला सारत तो आत गेला, आणि रविराजच्या अंगावर पालथा पडला. वर उगारलेला रॉड खाली आला तो त्याच्या पाठीवर. दुसरी काठी खांद्यावर बसली. तिसरी हवेतच थांबली, कारण भामाबाईनं नवऱ्याचा वाकडा पाय ओळखला होता. आणि गर्दीच्या कडेला लाल पटक्याचा भागवत उभा होता, धडधाकट, घाबरलेला.

भामाबाई मटकन खाली बसली. तिचा भाऊ फोन पुढं करून सिदूला म्हणाला, "आरं पर ह्यो बघ की, आजची तारीख हाय! मंग हितं मार खातंय ते कोन?"

सिदूनं त्या रक्तातून मान वर केली. "मी हाय ते," तो म्हणाला. "माझा मार हाय त्यो. ह्या पोराचं तवा दुधाचं दात सुद्धा पडलं नव्हतं."

हातातल्या काठ्या खाली गेल्या. सगळ्यांच्या नाही. ज्यांना भागवतसाठी मारायचं होतं ते थांबले, ज्यांना नुसतं मारायचं होतं त्यांनी जाता जाता आणखी दोन दुकानं फोडली. असल्यांना कारण लागत नाही, निमित्त लागतं.

बद्रीनाथ एकदाचा भाच्याजवळ पोचला. आजूबाजूला अजून फोन वरच होते. त्याच्या तोंडातून अशी शिवी गेली, जी त्यानं उभ्या जन्मात दिली नव्हती. "ठिवा की रे ते! एकानं तर हात लावा, उचला ह्याला!" किराणावाल्यानं फोन खिशात घातला आणि पाय धरले. खांदे सिदूनं धरले.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, जबडा जुळेल, डोळा गेला. योगिता भावाशी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याच्यासमोरून पाण्याची बाटली भरायला गेली, भरून आली, आणि तो बाकड्यावर बसलेलाच नाही असं समजून आत गेली.

बद्रीनाथनं फोन उघडला. 'धडाका'वर आता नवी बातमी होती, नवा भोंगा होता. कालच्या चुकीबद्दल एक शब्द नव्हता. मग त्यानं आपला ग्रुप उघडला. पाटोद्याच्या एका सभासदानं व्हिडिओ टाकला होता. बद्रीनाथनं तो लावला. दुचाकीचा स्टँड होता, केस धरलेला हात होता, त्याच्या योगिताचा मुलगा होता. आणि त्याच्या खाली त्या भल्या माणसानं, नियम मोडू नये म्हणून, धूळ पुसलेल्या जुन्या कीबोर्डचा फोटो टाकला होता. त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, 'गोल पिनचा आहे का? देणार का?'

बद्रीनाथ बाहेर जाऊन भिंतीशी ओकला.

परत आला तेव्हा बाकड्यावर सिदू बसलेला. पाठीला पट्टी बांधलेली, बरणीत शेळीचं दूध आणलेलं. "पोराला नळीतनं देत्याल तर द्या," म्हणाला. बद्रीनाथ त्याच्या शेजारी बसला.

"सिदू, घरी गेलो की पहिलं काम ते करतो," बद्रीनाथ शेवटी म्हणाला. "क्यासेट जाळतो. मशीनमधलं पुसून टाकतो. तुला शब्द देतो."

सिदूनं मान हलवली. "पुसू नका. खरं हाय ते. माझा मार खरा हुता. वीस वरीस लोकं म्हनले, तू जीपखाली पडलातास, तुझीच चुकी हुती. आता समद्यांनी बघितलं." त्यानं बरणीचं झाकण घट्ट केलं. "फकस्त तारीख खरी घाला."

"घालतो. आजच घालतो."

"कोनती घालताव?"

बद्रीनाथ आठवू लागला. वीस वर्षं ती कॅसेट त्याच्या पेटीत होती. रोज सकाळी न चुकता तो मशीनला तारीख घालत होता. कॅमेऱ्यातली बंद केली होती ती त्यानंच, बातमी शिळी दिसू नये म्हणून. कुठला महिना होता, ऊन होतं की पाऊस, त्याला काही आठवेना.

"पोळ्याच्या आदला दिस हुता," सिदू म्हणाला. "बैलांच्या गोंड्यांची दुकानं लागल्यालती. तुमी गिरणीच्या ओट्यावर हुताव, एक डोळा झाकून. मी तुमच्याकडं बघून हात केलता."

बद्रीनाथनं खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून त्यानं ते तळहातावर लिहून घेतलं.